ट्रायपॉडवर लावूनही लांब लेन्सचा फोटो हलतो: दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे

हिवाळ्यातल्या सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळाकाठी उभे राहिले की पक्ष्यांच्या आवाजाइतकीच एक तक्रार हमखास कानावर पडते. लेन्स महागाची आहे, ट्रायपॉड नवा आहे, दुकानदाराने खोक्यावर छापलेला ‘१२ किलो’ हा आकडा दाखवून खात्रीही दिली होती. तरी घरी येऊन संगणकावर फोटो मोठा करून पाहिला की चित्रबलाकाच्या डोळ्याची कड दुहेरी दिसते. तक्रार करणारा त्याच दमात विचारतो, ‘मग आता कोणता ट्रायपॉड घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. मी स्वतः तो दोनदा विचारला, दोन्ही वेळा पैसे मोजले, आणि दोष ज्या वस्तूत होता तिच्याकडे मात्र ढुंकूनही पाहिले नव्हते. ती वस्तू कोणती, हे पुढे येईलच.

येथे विचार आहे तो दोन किलो आणि त्यावरच्या लेन्सचा. निकॉनची २००-५०० मिमी लेन्स कॉलरसह (कॉलर म्हणजे ट्रायपॉडवर बसवण्यासाठी लेन्सभोवती असलेले कडे) २.३ किलोंची आहे, सोनीची २००-६०० मिमी २.१ किलोंची, सिग्माची डीएसएलआरसाठीची १५०-६०० मिमी स्पोर्ट्स सुमारे २.९ किलोंची आणि कॅननच्या ६०० मिमी एफ/४ लेन्सची दुसरी आवृत्ती ३.९ किलोंची. त्यावर कॅमेऱ्याचे पाऊण ते दीड किलो धरावेत. परंतु वजन हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो लांबी आणि दृश्यकोन यांचा.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्सचा आडवा दृश्यकोन जेमतेम ३.४ अंशांचा असतो. सेन्सर ४५ मेगापिक्सेलचा असेल, तर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ४.४ मायक्रॉन भरते, आणि प्रतिमा एका पिक्सेलने सरकण्यासाठी लेन्सची दिशा केवळ दीड विकलेने, म्हणजे एका अंशाच्या सुमारे २,४०० व्या भागाने बदलली तरी पुरते. हेच मोजपट्टीच्या भाषेत सांगायचे, तर लेन्स जिथे टेकलेली आहे तिथपासून ३० सेंमी पुढे असलेले तिचे टोक दोन मायक्रॉनच्या आसपास हलले की काम बिघडायला सुरुवात होते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना अगदी दगडासारखा वाटणारा ट्रायपॉड या मापाने पाहिला, तर सतत थरथरतच असतो.

म्हणूनच खोक्यावरचा किलोंचा आकडा या कामी फारसा उपयोगी नाही. तो आकडा कसा काढावा याचे सर्व उत्पादकांना बांधील असे एकच प्रमाण नाही. प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने तो ठरवतो. शिवाय वजन पेलणे आणि न हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातला झोपाळा चार माणसे सहज पेलतो, पण म्हणून त्यावर बसून सुईत दोरा ओवायला कोणी जात नाही. आपल्याला हवा असतो तो ताठपणा, आणि खोक्यावर नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

दोष ट्रायपॉडचाच आहे का, हे आधी पाहावे

तळ्याच्या काठावर चाचणी घेऊ नये. तिथे वारा, चिखल, उन्हाने थरथरणारी हवा आणि हलणारा पक्षी हे सगळे एकाच फोटोत मिसळते आणि कोणाचा दोष कोणाच्या माथी मारला जाईल याचा नेम राहत नाही. मी ही चाचणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी गाड्यांची ये-जा नसताना घेतो. छताखाली, परंतु उघड्या बाजूच्या उजेडात, भिंतीवर वर्तमानपत्राचे एक पान चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून सपाट बसवावे आणि २० मीटरवर ट्रायपॉड उभा करावा. या अंतरावर ६०० मिमीला एक पिक्सेल म्हणजे कागदावरचा सुमारे ०.१५ मिमी भाग होतो, त्यामुळे बातमीच्या बारीक अक्षरांची कड थोडीही पसरली तरी लगेच कळते.

लेन्समधले आणि कॅमेऱ्यातले कंपन-नियंत्रण बंद करून फोकस एकदा नीट साधावा, मग तो मॅन्युअलवर टाकून तसाच ठेवावा. पहिले दहा फोटो १/१००० सेकंदाला, आयएसओ लागेल तेवढा वाढवून आणि दोन सेकंदांचा टायमर लावून घ्यावेत. दुसरे दहा १/१५ सेकंदाला, टायमर तसाच ठेवून, शक्य असल्यास इलेक्ट्रॉनिक शटरवर आणि डीएसएलआर असेल तर आरसा आधी वर उचलून घ्यावेत. तिसरे दहाही १/१५ लाच घ्यावेत, मात्र टायमर काढून, नेहमीप्रमाणे बोटाने बटण दाबून.

पहिल्या गटातलेच फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट असतील, तर ट्रायपॉड निर्दोष आहे. फोकसमध्ये किंवा लेन्समध्ये शोध घ्यावा. १/१००० सेकंदात ट्रायपॉडची थरथर सहसा दिसण्याइतकी अंतर कापत नाही. ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी बरीच खरेदी वाचते, कारण उडणाऱ्या पक्ष्यांचे १/२००० ला घेतलेले फोटो दाखवून ट्रायपॉड बदलण्याचा सल्ला मागणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पहिला आणि दुसरा गट स्वच्छ आणि तिसरा बिघडलेला, हे सर्वांत नेहमीचे चित्र आहे: म्हणजे साधन स्थिर उभे राहते, पण त्याला धक्का लागला की ते लवचीकपणे डुलते आणि शांत व्हायला वेळ घेते. दुसरा गटही बिघडलेला असेल, तर आरशाचा किंवा शटरचा धक्का, पायाखालची जमीन किंवा कुठेतरी ढिला राहिलेला स्क्रू यांच्याकडे पाहावे. आरशाच्या धक्क्याचा उपद्रव साधारण १/६० ते १/४ सेकंदाच्या पट्ट्यात सर्वाधिक असतो. याहून लांब एक्स्पोजरमध्ये थरथरीचा काळ एकूण वेळेच्या मानाने थोडा राहतो.

बिघडलेल्या फोटोंमध्ये अक्षर कोणत्या दिशेला पसरले आहे, हे अवश्य पाहावे. उभ्या दिशेने पसरले असेल, तर लेन्स मान हलवल्यासारखी वर-खाली होते आहे, आणि संशय फूट (कॉलरखालचा पाय), प्लेट (फूटखाली स्क्रूने बसणारी पट्टी) व हेडचा, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या फिरत्या भागाचा, वर-खाली फिरणारा सांधा यांच्यावर जातो. आडवे पसरले असेल, तर साधन पिळवटते आहे: पायांच्या नळ्या, सेंटर कॉलम (मधला वर-खाली होणारा दांडा), हेडचा आडवा फिरणारा तळ किंवा एकाच स्क्रूवर गरगरणारी प्लेट. ट्रायपॉडचे पाय पिळाला जास्त बळी पडतात, त्यामुळे आडवा पसारा दिसला तर पाय अजून संशयित यादीतून काढू नयेत. दोन्ही दिशांना सारखाच, गोलसर मऊपणा असेल, तर तो हलल्याचा नव्हे, फोकस चुकल्याचा आहे.

कंपन-नियंत्रणाविषयी एक स्वतंत्र सूचना. ही यंत्रणा हालचाल ओळखून भिंगाचा एक गट, किंवा कॅमेऱ्यातली असेल तर सेन्सर, उलट दिशेने सरकवते. जुन्या लेन्समध्ये साधन पूर्ण स्थिर असताना ती नसलेली हालचाल शोधत राहते आणि स्वतःच प्रतिमा हलवते. नव्या लेन्सपैकी काही ट्रायपॉड ओळखून शांत होतात. आपली लेन्स कोणत्या जातीची आहे, यावर वाद घालत बसण्यापेक्षा दुसरा गट एकदा ती सुरू ठेवून घ्यावा आणि उत्तर डोळ्यांनी पाहावे. गिंबल (लेन्स तोलून धरणारे हेड) सैल सोडून हातात लेन्स धरून पक्ष्याचा पाठलाग करत असाल, तर तो ट्रायपॉडवरचा स्थिर कॅमेरा नव्हेच; तेव्हा यंत्रणा सुरू असलेलीच बरी.

सांध्यांची तपासणी

लेन्सपासून जमिनीपर्यंत ही एक साखळी आहे: कॉलर, फूट, प्लेट, प्लेट पकडणारा क्लॅम्प, हेड, हेडखालचा स्क्रू, ट्रायपॉडचा माथा, पायांचे सांधे, नळ्यांचे खटके आणि शेवटी पायांची टोके. ताठपणा या साखळीतल्या सर्वांत लेच्यापेच्या कडीइतकाच राहतो. बाकीच्या कड्या कितीही भारी असल्या, तरी त्यांचा उपयोग या एका कडीपाशी संपतो.

ही कडी शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करावा, लेन्सच्या पुढच्या टोकाला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी आणि प्रतिमा शांत होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. मग सोबत्याला लेन्सचे टोक अगदी हळू, आलटून पालटून वर-खाली आणि डावी-उजवीकडे ढकलायला सांगावे आणि आपण एकेका सांध्यावर बोट असे ठेवावे की अर्धे बोट वरच्या भागावर आणि अर्धे खालच्या भागावर राहील. डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म घसरण बोटाच्या टोकाला स्पष्ट जाणवते. कॉलर आणि लेन्सची नळी, फूट आणि प्लेट, प्लेट आणि क्लॅम्प, असे एकेक करत खाली उतरावे. घाई करू नये; मी पहिल्या खेपेला घाई केली आणि थेट पायांवर ठपका ठेवला.

माझ्या बाबतीत घडले ते असे. तीन किलोंच्या आसपासची झूम लेन्स, २५ मिमी जाडीच्या नळ्यांचा चार भागांचा ट्रायपॉड आणि त्यावर बॉल हेड (गोलकावर फिरणारे हेड), असा माझा संसार होता. फोटो हलतात म्हणून आधी मोठे बॉल हेड घेतले. फरक पडला नाही, म्हणून पुढच्या हिवाळ्यात जाड नळ्यांचे पाय घेतले. थोडा फरक पडला, पण टिचकी मारल्यावर प्रतिमा शांत व्हायला अजूनही तीन-चार सेकंद लागत होते. शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका मित्राने प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्याने वीस-पंचवीस किलोंच्या एका लोखंडी ठोकळ्याला भोक पाडून, आटे पाडून त्यावर हेड घट्ट बसवले आणि पाय हा भाग चाचणीतून पूर्णपणे काढून टाकला. प्रतिमा तरीही डुलत होती! हेड काढून लेन्सचा फूट थेट बेंच व्हाइसमध्ये धरला, तरीही डुलत होती. याचा अर्थ दोष फूटच्या वर किंवा फूटमध्येच होता, आणि मी तोवर त्याच्या खालच्या प्रत्येक वस्तूवर खर्च करून बसलो होतो.

तो फूट उंच, अरुंद मानेचा आणि पोकळ होता. रोजच्या वापरात त्याच्याखाली प्लेट बसे ती एकाच १/४ इंची स्क्रूवर, आणि प्लेटच्या वरच्या बाजूला ओरखडे पडू नयेत म्हणून रबराचा थर होता. लहान कॅमेऱ्याला हा थर चालून जातो. लांब लेन्सखाली तो चक्क स्प्रिंगचे काम करतो. कॉर्कचेही तसेच. म्हणजे एक मऊ कडी व्हाइसमध्ये दिसलीच होती आणि दुसरी तिच्याखाली दडलेली होती. मित्राने ६०६१ दर्जाच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून बुटका, भरीव फूट यंत्रावर काढून दिला आणि त्याच्या खालच्या कडा थेट क्लॅम्पमध्ये बसतील अशा आर्का-स्विस पद्धतीच्या तिरक्या खाचेत कापल्या, त्यामुळे वेगळी प्लेट आणि तिचा रबर दोन्ही गेले. अनेक लेन्ससाठी असे बदली फूट तयार मिळतात, आणि मिळत असतील तर तेच घ्यावेत. नाशिककरांनी सातपूर-अंबडला काम करून घ्यायचे ठरवले, तर एक गोष्ट आधी लिहून द्यावी: छायाचित्रणातले आटे इंची आहेत, १/४ इंचाला इंचामागे २० आटे आणि ३/८ इंचाला १६. कारखान्यात हाताशी एम ६ आणि एम १० चे टॅप असतात, ते सवयीने मारले जातात, आणि मग स्क्रू दोन फेरे गोड जातो व तिसऱ्याला अडकतो. शिवाय लेन्सच्या कॉलरवरची मूळ भोके काही कंपन्या मेट्रिक ठेवतात, तेव्हा दोन्ही बाजू मोजूनच काम सांगावे.

प्लेट वेगळीच ठेवायची असेल, तर ती रबर नसलेली, लांब आणि दोन स्क्रूंची घ्यावी. फूटला एकच भोक असेल तर निदान कडेला अडसर असलेली घ्यावी, म्हणजे ती गरगरणार नाही. हेडखालच्या ३/८ इंची भोकात १/४ ची लहान चकती बसवून काम चालवले असेल, तर ती काढावी. अनेक ट्रायपॉडांच्या माथ्यावर हेडला खालून अडवणारे छोटे स्क्रू असतात, ते मोकळेच राहिलेले आढळतात. पायांच्या वरच्या सांध्यातले बोल्टही ॲलन कीने वर्षातून दोनदा आवळावेत. पाय हवेत आडवा धरून सोडला की तो धपकन न पडता संथपणे खाली येईल, इतपत.

नवे घ्यावेच लागले तर

एवढी तपासणी करूनही दोष पायांत किंवा हेडमध्येच निघाला, तर पैसे आधी पायांवर घालावेत. हेड नंतर बदलता येते, आणि पाय चांगले असतील तर साधेसे गिंबलही बरे काम देते. उलटे मात्र होत नाही.

पायांत पाहायचे ते सर्वांत वरच्या नळीची जाडी. नळीची वाकण्याला होणारी प्रतिकारशक्ती व्यासाच्या चौथ्या घाताशी जोडलेली असते, त्यामुळे थोड्या जाडीने मोठा फरक पडतो. भिंत दोन्हीकडे दीड मिमी जाडीची धरली, तर २५ मिमीच्या नळीपेक्षा ३२ मिमीची नळी दुपटीहून अधिक ताठ भरते. दोन ते तीन किलोंच्या झूम लेन्ससाठी मी ३२ मिमीच्या खाली जाऊ नये असे म्हणेन. ६०० मिमी एफ/४ सारख्या लेन्ससाठी ३६ ते ४० मिमीच्या वर्गात पाहावे. दुकानात खोक्यावरचे किलो न वाचता व्हर्नियर कॅलिपर घेऊन जाणारा माणूस विचित्र दिसतो खरा, पण मेन रोडवरच्या एका दुकानात मी तसे केले आणि दुकानदाराने ते आवडीने पाहिले.

तीन भागांचे पाय चार भागांच्या पायांपेक्षा चांगले, कारण शेवटची नळी तितकी बारीक होत नाही आणि एक खटका कमी होतो. सेंटर कॉलम नसलेलाच ट्रायपॉड घ्यावा. तीन पायांवर उभारलेला ताठपणा कॉलम वर चढवताच एका बारीक नळीवर येतो. म्हणजे तीन खांबांच्या मंडपावर एक बांबू रोवून त्याच्या टोकाला लेन्स बांधण्यासारखे आहे. कॉलमशिवाय उंची पुरेल का, हा हिशोब घरीच करावा. १६५ सेंमी उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १५३ सेंमीवर असतात. गिंबल आणि कॅमेरा मिळून व्ह्यूफाइंडर माथ्यापासून २० ते २५ सेंमी वर येतो. म्हणजे सपाट जमिनीवर १३० सेंमीचे पाय पुरतात. अंजनेरीच्या उतारावर एक पाय खालच्या अंगाला लांबवावा लागतो, त्यासाठी १५-२० सेंमी जादा ठेवावेत.

कार्बन की ॲल्युमिनियम, यावर जितके बोलले जाते तितके महत्त्व त्या वादाला नाही. कार्बन हलका असतो आणि थरथर लवकर विरवतो, पण बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम परवडले. एक फायदा मात्र निफाड तालुक्यात पहाटे कळतो: तिथल्या जानेवारीच्या थंडीत ॲल्युमिनियमची नळी उघड्या हाताने धरवत नाही.

हेडच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. बॉल हेड जड लेन्ससाठी नव्हेच. त्यात गुरुत्वमध्य गोलकाच्या वर असतो, त्यामुळे पकड सैल होताच लेन्स एका बाजूला कोसळते. बोट चिमटते, किंवा लेन्सचे तोंड पायावर आपटते. पकड घट्ट केली तरी चौकट थोडी खाली उतरते, हा अनुभव प्रत्येकाला आहे. गिंबलमध्ये लेन्स तिच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या आसाभोवती फिरते, म्हणून ती कोणत्याही कोनात सोडली तरी तिथेच राहते. राहत नसेल, तर दोष गिंबलचा नसून तोल साधलेला नसतो. आडवा तोल लेन्स क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवून साधावा. मग लेन्स ३० अंश वर करून हात हलकेच काढावा: ती परत आडवी होत असेल, तर गुरुत्वमध्य आसाच्या खाली आहे आणि पाळणा (गिंबलचा लेन्स धरणारा भाग) वर उचलावा, ती आणखी कलंडत असेल, तर पाळणा खाली घ्यावा. हे करताना हूड लावलेला आणि झूम नेहमीच्या वापराच्या जागी असावा, कारण झूम करताना लांब होणाऱ्या लेन्सचा तोल पुढे सरकतो. सोनीच्या २००-६०० सारख्या, झूम आतल्या आत करणाऱ्या लेन्समध्ये हा त्रास जवळजवळ नसतो.

चलचित्रणच मुख्य काम असेल, तर फ्लुइड हेड घ्यावे; संथ हालचालीत त्याला तोड नाही, परंतु खंड्या सूर मारतो तेव्हा ते मागे राहते. गिंबल घेतलेत तर त्याखाली समतल करणारा तळ किंवा ७५ मिमीची वाटी असलेले पाय असावेत. आडवा फिरणारा आस उभा नसेल, तर लेन्स डावीकडून उजवीकडे नेताना क्षितिज तिरके होत जाते, आणि चिखलात प्रत्येक वेळी तीन पाय कमी-जास्त करत बसण्याइतका वेळ पक्षी देत नाही.

काठावर, मनोऱ्यावर आणि डोंगरावर

नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. तिथला काठ काळ्या मातीचा आहे, आणि ट्रायपॉडचा पाय तीत फोटो काढता काढता बसत जातो. टोकाखाली हाताच्या तळव्याएवढ्या प्लायवूडच्या तीन चकत्या ठेवाव्यात, किंवा पाय आधीच शरीराच्या भाराने दाबून पक्का थर लागेपर्यंत रुतवावेत. एरवी जाड नळ्या आधी उघडाव्यात हा नियम योग्यच, पण चिखलात व पाण्यात उलटे करावे: सर्वांत खालची नळी पूर्ण उघडावी, म्हणजे तिचा खटका पाण्याच्या वर राहतो.

निरीक्षण मनोऱ्यावर ट्रायपॉड कितीही भारी असला, तरी शेजारच्या माणसाने पाऊल बदलले की तळ हलतो. तिथे ट्रायपॉड गुंडाळावा आणि कठड्यावर बीनबॅग ठेवावी. ज्वारी भरलेली पिशवीही चालते, मात्र ती ओली होऊ देऊ नये. मनोऱ्यावरची थरथर पाहून ट्रायपॉडबद्दल मत बनवणे अन्यायाचे आहे.

वाऱ्याचा खरा जोर कळतो तो अंजनेरीच्या माथ्यावर, कड्यावरची गिधाडे टिपताना. मोठा हूड शिडासारखा वारा धरतो. ऊन अंगावर येत नसेल तर तो काढावा. पाय पहिल्या खाचेऐवजी दुसऱ्या खाचेवर रुंद पसरावेत आणि खाली बसून काम करावे. माथ्याखालच्या आकड्याला पिशवी लटकवण्याची पद्धत आहे, पण हवेत झुलणारी पिशवी स्वतःच लोलक होते. ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडावी किंवा दोरीने दगडाला बांधावी. बटण दाबताना डावा हात लेन्सवर, कॉलरच्या वरच्या बाजूला टेकवून ठेवावा आणि भुवई व्ह्यूफाइंडरला लावावी. हाताचे मांसल वजन थरथर शोषून घेते. टायमरपेक्षा हा उपाय हलत्या पक्ष्यासाठी अधिक कामाचा आहे.

आणि एक दोष असा की जो कोणत्याही ट्रायपॉडने जाणार नाही. सूर्य वर आला, पाणी आणि त्यावरची हवा यांच्या तापमानात फरक पडला की मधली हवा थरथरू लागते. लाइव्ह व्ह्यू मोठा करून पाहिले, तर ट्रायपॉडचा दोष असताना सगळी चौकट एकत्र हलते. हवेच्या दोषात चौकटीचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे, तळाशी खडे असलेल्या उथळ पाण्यातून पाहिल्यासारखा लहरतो, आणि लागोपाठच्या फोटोंत तोच बगळा कधी ठीक, कधी मेणासारखा दिसतो. शटर १/२००० केले तरी फरक पडत नाही. उपाय दोनच: पहाटे यावे, नाहीतर अंतर कमी करावे. दीडशे मीटरवरच्या पट्टकदंबांचे दुपारचे फोटो घेऊन पाय बदलायला निघू नये.

घरी परतल्यावर खटके उघडून नळ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत मोकळ्या ठेवाव्यात. काळी माती वाळून आट्यांत बसली की खटका पूर्ण आवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात मातीवर आवळलेला असतो, आणि पुढच्या रविवारी पार्किंगमधल्या वर्तमानपत्राची अक्षरे पुन्हा आडवी पसरलेली दिसतात.